खळ्याचा पंचनामा

निवडणूक माझ्या बायकोनं जिंकली आणि पार्षद मी झालो. भोपाळमध्ये यात कुणालाच काही विचित्र वाटत नाही. नगरसेवकाला इथे पार्षद म्हणतात, आणि वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला की निवडून आलेल्या बाईच्या नवऱ्याला पार्षदपती. हा शब्द लोक फ्लेक्सवर छापतात, लग्नपत्रिकेत छापतात. पहिल्या महिन्यात मला त्याची लाज वाटायची. तिसऱ्या महिन्यात कुणी नुसतं 'भाईसाहब' म्हटलं तर काहीतरी कमी पडल्यासारखं वाटायला लागलं होतं.

आमचं घर मूळचं नागपूरचं. मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून इकडे आली तेव्हा वडील सरकारी फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर भोपाळला आले, आणि पुढे मीही त्याच सरकारच्या एका खात्यात कारकून म्हणून लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. आयुष्यभर मी एकच काम मन लावून केलं, ते म्हणजे नोटशीट, फायलीवरची टिपणी, लिहिणं. साहेबांच्या मनात काय आहे ते आधी ओळखायचं, आणि मग ते असं लिहायचं की वाचणाऱ्याला वाटावं, यापेक्षा वेगळं काही ठरूच शकत नव्हतं. यात मी वाकबगार होतो. आता वाटतं, माणसानं कशातही इतकं वाकबगार असू नये.

निवृत्तीनंतर आम्ही अवधपुरीच्या पलीकडे एका नव्या कॉलनीत घर घेतलं. ती कॉलनी एका खेड्याच्या शेतांवर उभी राहिलेली. शेतं गेली, पण खेडं गेलं नाही. साठ-सत्तर घरं, एक मारुतीचं देऊळ, दोन हातपंप आणि बऱ्याच म्हशी एवढं सगळं आमच्या दुमजली घरांच्या मधोमध तसंच राहिलं. गावाच्या कडेला एक मोकळं मैदान होतं, त्यांचं खलिहान, म्हणजे आपलं खळं. मळायला आता फारसा गहू उरला नव्हता, तरी गावानं खळं सोडलं नव्हतं. लग्नाचा मांडव तिथे, तेराव्याची जेवणं तिथे, गोवऱ्या वाळायच्या तिथे. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गावातल्या सगळ्या बायका मिळून तिथेच शेणाचा मोठा गोवर्धन मांडायच्या, पूजा करायच्या आणि गावची गुरं त्याच्यावरून नेली जायची. आमच्या गच्चीवरून ते सगळं दिसायचं. वासही यायचा.

बायको वर्ध्याकडची, माणसांत रमणारी. गावातले एक काका आम्हाला सायकलवरून दूध घालायचे. त्यांचे गुडघे दुखायला लागले तेव्हा ही म्हणाली, मीच येत जाईन. अर्ध्या लिटर दुधाला तिला तास लागायचा. काकांच्या बायकोला सगळं गाव काकी म्हणायचं, हीही म्हणायला लागली. काकीच्या ओसरीवर बसून हिनं गावातल्या मुलींना ब्लाउज बेतायला शिकवलं, कुणाच्या सुनेला बाळंतपणाला साकेत नगरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, कुणाचं रेशनकार्ड सोडवून आणलं. वॉर्ड राखीव झाला आणि पक्षाची माणसं बाई शोधत फिरायला लागली, तेव्हा गावानं हिचं नाव सुचवलं. मला तर कॉलनीतही फार कुणी ओळखत नव्हतं.

प्रचारात हिनं भाषण असं केलंच नाही. खळ्यावर बायकांमध्ये खाली बसली आणि म्हणाली, सांगा काय हवं. नळ, नाली, दिवे वगैरे झाल्यावर काकी म्हणाली, "दीदी, बाकी हुआ तो हुआ, नहीं हुआ तो नहीं. बस ये खलिहान बचा लेना. कॉलनीवालों की नज़र है इसपे." ही लगेच म्हणाली, "मैं हूँ तब तक इसको कोई हाथ नहीं लगाएगा." मी मागे उभा होतो. मनात म्हटलं, असा शब्द देत नसतात, 'यथासंभव' म्हणायचं असतं. तिनं तसं म्हटलं नाही. गावानं झाडून सगळी मतं तिला दिली.

कागदांचं काम माझ्याकडे आलं ते अगदी सरळपणे. रोज सकाळी दारात माणसं. कुणाला रहिवासी दाखला हवा, कुणाला शिफारसपत्र. ही आत बायकांचं ऐकत बसायची आणि बाहेर रांग वाढायची. मी म्हटलं, दे, मी लिहितो. मग लिहिलेल्या कागदावर सहीसाठी तिला बोलवायचं, ती हात पुसत यायची, तेवढ्यात दुसऱ्याचं काही निघायचं. एक दिवस तीच वैतागून म्हणाली, "तुम्हीच करून टाका ना सही. कोण बघून राहिलंय?" दोन दिवसांत मी तिची सही तिच्यापेक्षा चांगली करायला लागलो. तिची शेवटी जरा घसरायची, माझी एकसारखी यायची. तिनं अट एकच घातली होती. गावाचं काही असलं तर तिला विचारल्याशिवाय कागद पुढे पाठवायचा नाही. मी हो म्हटलं.

गावात पार्षदाला सगळीकडे जावं लागतं. बारसं, भंडारा, मांडव, आणि मुख्य म्हणजे मयत. दुखवट्याला जो येत नाही त्याला गाव विसरत नाही. ही मनापासून जायची आणि खूप वेळ बसायची. एकाच दिवशी दोन ठिकाणी असेल तर एकीकडे मी. मला खुर्ची मिळायची, पाणी मिळायचं, 'पार्षदजी आ गए' असं कुणीतरी आत सांगायचं. मी पाच मिनिटं खाली मान घालून बसायचो आणि चपलांवर शेण लागलंय का ते बघायचो. हे लिहितानाही कान गरम होतायत, पण बघायचो हे खरं.

सकाळी फिरायला माझ्याबरोबर कॉलनीतले चार-पाच जण असत. बहुतेक जवळच्या मोठ्या कारखान्यातून निवृत्त झालेले मराठी इंजिनिअर. ते मला 'पीए साहेब' म्हणायचे. बायकोचा पीए. मीही हसायचो. त्यांना बाग हवी होती, चालायला गोल ट्रॅक, बसायला बाक, आणि जागा त्यांनी हेरलेली होती ती खळ्याचीच. तिथे काय, गोवऱ्याच तर थापतात, म्हणायचे. मी टाळत होतो. एकदा त्यांच्यातला एक जण दुसऱ्याला म्हणाला, "याला काय सांगता, याच्या हातात काय आहे? मॅडमना विचारायला पाहिजे." सगळे हसले. मीही हसलो, आणि घरी येऊन त्याच दिवशी बागेचा प्रस्ताव लिहायला घेतला. एवढंसं कारण होतं. याहून मोठं कारण शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे, पण नाही सापडलं.

जागा सरकारी होती, पण सरकारी दप्तरात ती गावाच्या वापराची म्हणून लिहिलेली होती. अशी नोंद बाजूला सारायला काय लागतं ते मला कुठल्याही साहेबापेक्षा चांगलं ठाऊक होतं. लागतो मौका पंचनामा. म्हणजे गावातल्याच माणसांनी जागेवर हजर राहून लिहून द्यायचं की ही जमीन रिकामी पडली आहे, कुणी वापरत नाही आणि बाग व्हायला आमची हरकत नाही. मग पार्षदाचं पत्र जोडलं की फाइल आपोआप चालते. पंचनाम्याचा मसुदा मी सुंदर केला. 'मौके पर भूमि रिक्त एवं अनुपयोगी पाई गई' हे वाक्य माझं. प्रश्न सह्यांचा होता. गावातली पुरुष माणसं दिवसभर कामावर, आणि घरोघर गेलो असतो तर बायकांनी कागद वाचून घेतला असता आणि संध्याकाळच्या आत हिच्या कानावर गेलं असतं.

त्याच उन्हाळ्यात दूधवाले काका गेले. ही पहिल्या दिवसापासून काकीजवळ होती. पाचव्या दिवशी वर्ध्याहून भावाचा फोन आला, आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. हिला निघावंच लागलं. स्टेशनवर गाडी येईपर्यंत मला एकच सांगत होती. तेराव्याला नक्की जा. माझ्या जागी तुम्ही आहात. खुर्चीवर बसून परत येऊ नका, काकीजवळ दोन मिनिटं बसा, तिला म्हणा मी आल्या आल्या येते.

तेराव्याला मी गेलो. मांडव खळ्यावर होता. तिकडे तेराव्याला पगडीची रीत असते. बाप गेला की मोठ्या मुलाच्या डोक्याला सगळ्या गावासमोर पांढरी पगडी बांधतात, आजपासून घराचा कर्ता हा. काकांचा मुलगा चाळिशीचा, कॉलनीच्या शाळेची बस चालवायचा. पगडी बांधताना तो लहान मुलासारखा रडला. मग पंगत बसली, पुरी, लाल भोपळ्याची भाजी, बुंदी. गावातला एकूण एक पुरुष मांडी घालून ओळीनं बसला होता. माझ्या फोल्डरमध्ये पंचनामा होता आणि खिशात अंगठ्यासाठी शाईची डबी. नंतर कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत होतो की फोल्डर गाडीत होताच, चुकून बरोबर आला. शाईची डबी चुकून येत नाही.

मी पहिल्यांदा पगडीवाल्याकडे गेलो. त्यानं विचारलं, "क्या है भाईसाहब?" मी म्हटलं, "गाँव के विकास का काग़ज़ है." दुःखात आपल्या दारी आलेल्या माणसाला हे लोक नाही म्हणत नाहीत, आणि ज्याच्या घरचं तेरावं त्यानं सही केल्यावर पंगतीतला दुसरा कुणी विचारत नाही. हे मला माहीत होतं. म्हणूनच मी तो दिवस निवडला होता. त्यानं पत्रावळीच्या कडेला हात पुसले आणि सही केली. मग कागद ओळीनं पुढे सरकत गेला. कुणी सही केली, कुणी अंगठा. दोन ठिकाणी पुरीच्या तुपाचे डाग पडले. 'भूमि रिक्त एवं अनुपयोगी' असं लिहिलेला कागद त्याच भूमीवर जेवत बसलेल्या शंभरेक माणसांच्या हातांतून फिरत होता. ते मला तेव्हाच दिसलं होतं. नंतर सुचलं असं नाही, तेव्हाच, लख्ख दिसलं होतं, आणि मी शेवटची सही होईपर्यंत कागदाच्या मागे मागे चालत राहिलो.

काकी मांडवाच्या टोकाला बायकांत बसली होती. मी लांबूनच हात जोडले आणि दुसरीकडे जायचंय अशी खूण केली. तिनंही हात जोडले.

घरी येऊन मी जेवणाच्या टेबलावर पार्षदाचं पत्र लिहिलं, त्या दिवसाची तारीख घातली आणि खाली बायकोची सही केली. छान आली. फाइल दुसऱ्या दिवशी गेली.

ती दीड महिन्यानं परत आली. गावाचं काही झालं का, विचारलं. मी नाही म्हटलं. पावसाळा संपता संपता खळ्यावर विटा आणि लोखंडी जाळी येऊन पडली, तेव्हा ती घाबरून घरी आली. मी म्हटलं, वरून आलंय, आपल्या हातात नाही. तिनं विरोधाचं पत्र सांगितलं, मी टाइप केलं, तिनं स्वतः सही केली आणि म्हणाली, आजच नेऊन द्या. ते पत्र मी माझ्या टेबलाच्या खणात ठेवलं. रोज संध्याकाळी ती विचारायची, उत्तर आलं का. मी म्हणायचो, सरकारी काम आहे, वेळ लागतो. गावात बायका तिला विचारायच्या आणि ती त्यांना तेच सांगायची, माझ्या शब्दांत, माझ्यावर विश्वास ठेवून.

दिवाळीच्या आत बाग झाली. जाळी, पेव्हर ब्लॉक, मधे गोल हिरवळ, फाटक. फाटकावर पाटी, सकाळी पाच ते नऊ, संध्याकाळी पाच ते आठ, जनावरांना मनाई. किल्ली कॉलनीच्या कमिटीकडे. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला कुणीतरी हिला बोलवायला आलं. ही नेसलेल्या साडीनिशी धावली, मी मागून गेलो. फाटकाबाहेर गावातल्या बायका शेणाची घमेली घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या मागे गल्लीत गुरं, शिंगं रंगवलेली, गळ्यात झेंडूच्या माळा. पुढे काकी. फाटकाला कुलूप.

हिनं कमिटीच्या सचिवाला फोन करून बोलावलं आणि कुलूप उघडायला सांगितलं. सचिव सभ्य माणूस, त्याचा यात काही दोष नव्हता. तो गोंधळून म्हणाला, मॅडम, तुमच्याच पत्रावर तर हे सगळं झालंय. ही म्हणाली, कसलं पत्र? तो घरी जाऊन प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून कागदांच्या प्रती घेऊन आला. फाटकाशी उभं राहून त्यानं आधी पंचनामा वाचला, सह्या करणाऱ्यांच्या नावांसकट. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, त्यात त्यांचेच नवरे होते, मुलगे होते. मग त्यानं पार्षदाचं पत्र वाचलं, तारखेसकट, आणि ती प्रत हिच्या हातात दिली.

ती बराच वेळ त्या कागदाकडे बघत होती. सही इतकी चांगली होती की ती तिची नव्हती हे तिला तरी कळायलाच हवं होतं. कळलं. मी तिच्यापासून दोन पावलांवर होतो. मला तिची मान दिसत होती, ती लाल झालेली होती.

काकीनं विचारलं, "दीदी, ये दस्तख़त आपके हैं?"

मला तेव्हा एवढंच म्हणायचं होतं की नाही, माझे आहेत. त्याला नोटशीट लागत नाही. जीभ टाळ्याला चिकटली म्हणतात तसंही काही झालं नाही. मला बोलता येत होतं. मी आजूबाजूला बघितलं, फिरायला येणारे दोघं-तिघं कॉलनीच्या बाजूला येऊन उभे होते, आणि मी बोललो नाही.

"हाँ," बायको म्हणाली. "मेरे ही हैं."

काकीनं तिच्याकडे बघितलं, मग खाली वाकून घमेलं उचललं. एकेक करून सगळ्या बायकांनी उचललं. हिनं सचिवाला पुन्हा कुलूप उघडायला सांगितलं आणि त्यानं उघडलंही. फाटक सताड उघडं होतं, पण आत कुणी गेलं नाही. त्या वर्षी गोवर्धन देवळासमोरच्या गल्लीत झाला, दोन हातांत मावेल एवढा. गुरं दाटीवाटीनं एकेक करून नेली. आम्ही दोघांनी फाटकाशी उभं राहून लांबून ते बघितलं.

घरी येईपर्यंत मी आशेनं वाट बघत होतो की ती ओरडेल. शेवटी मीच विचारलं, 'हो' काहून म्हणालीस? ती पायरीवर बसून पाय धूत होती.

"नाही म्हटलं असतं तर सगळ्या गावासमोर तुम्हाला खोटारडं म्हटल्यासारखं झालं असतं," ती म्हणाली. "आणि पहिल्यांदा तुम्हाला सही करा म्हणणारी मीच. ती सही तुमची कशी म्हणू?"

मग ती म्हणाली की यापुढे तिच्या नावाच्या कागदाला मी हात लावायचा नाही. खणातलं पत्र तिनं त्याच दिवशी शोधून काढलं. मला वाटतं सगळ्यांत जास्त त्याचंच तिला लागलं.

आता ती स्वतः कागद लिहिते, हळूहळू, हिंदीतल्या चुका करत. बागेचं कुलूप काढून टाका आणि जागा गावाला परत द्या असं पत्र तिनं स्वतःच्या हातानं लिहून स्वतः नेऊन दिलं. कुलूप निघालं आहे. पण पेव्हर ब्लॉकमध्ये मांडवाचा खांब रोवता येत नाही, शेण थापता येत नाही. बाकीची फाइल चालू आहे. ती गावात अजून जाते, कामापुरती. दूध आता पिशवीचं येतं. ओसरीवर ती बसत नाही, काकी बस म्हणाली तर उशीर होतोय म्हणते. मी सकाळी फिरायला बाहेरच्या रस्त्यानं जातो. मला आता कुणी पीए म्हणत नाही, कॉलनीला वाटतं मी काम करून दाखवलं.

मागच्या महिन्यात एका संध्याकाळी मी काकीकडे गेलो. काय बोलायचं ते चार दिवस ठरवत होतो. ती म्हशीला चारा टाकत होती. कुणीतरी माझ्यासाठी खुर्ची आणली, मी ओसरीवर खाली बसलो आणि खाली बसून आपण काही फार मोठं केलं असं मला उगीच वाटलं. मी म्हटलं, काकी, त्या पत्रावरची सही माझी होती. पंगतीत फिरवलेला कागदही तोच. बायकोला त्यातलं काही माहीत नव्हतं.

काकीनं चारा टाकणं थांबवलं नाही. "हमें तो उसी दिन पता था, भैया," ती म्हणाली. "जो तारीख़ पढ़ी, उस दिन दीदी वर्धा में थी. तेरहवीं का दिन था हमारे घर, हम भूलेंगे क्या? उसका फ़ोन आया था सवेरे."

मी विचारलं, मग सगळ्यांसमोर तिला का विचारलंत.

"पूछा तो आपसे था," काकी म्हणाली. "आप वहीं तो खड़े थे."

मग ती माझ्याकडे न बघताच सांगत राहिली. ही हो म्हणाली तेव्हा बायका रागानं नाही उठल्या. अजून थोडा वेळ थांबलो तर दीदीला आणखी खोटं बोलावं लागेल, म्हणून उठल्या. तेव्हापासून दीदी नजर मिळवत नाही. तिला वाटतं, गाव तिला शब्द मोडणारी समजतं. गाव तसं समजत नाही. पण हे काकीनं सांगितलं तर तिला जास्तच खाली बघावं लागेल, नवऱ्याचं सगळ्यांना माहीत आहे म्हणून. "ये बात आपके मुँह से जाना चाहिए. बस इतना बोल दो कि गाँव को मालूम है, और ओसारे में आके बैठे. इतना तो कर दोगे?"

मी म्हटलं, आजच सांगतो.

घरापर्यंत सात-आठ मिनिटांची वाट आहे. मी वाक्य मनात नीट जुळवलं. सुरुवात कुठून करायची, काकीचं नाव आधी घ्यायचं की नंतर. आत गेलो तर ती टेबलावर चष्मा लावून कुणाचा तरी दाखला लिहीत बसली होती. माझ्या चपलांना शेण लागलं होतं, ते तिनं बघितलं.

"कुठे गेला होतात?" तिनं विचारलं.

"फिरायला," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि पुन्हा लिहायला लागली.